टोपली केवढी, वारा केवढा

आषाढी एकादशीला आमच्याकडे साबुदाण्याचे वडे ठरलेले. गेल्या वर्षी ते एअर फ्रायरमध्ये करायचं ठरलं, कारण सासूबाईंना डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं होतं आणि सणावारी एकट्या त्यांच्यापुढे वेगळी ताटली ठेवणं कुणालाच पटत नव्हतं. आमचं यंत्र तेव्हा ३ लिटरचं, गोल टोपलीचं. तळाचा व्यास १८ सेंटिमीटर. ६ सेंटिमीटरचे वडे थापले की मध्ये थोडी जागा सोडून पाच मावायचे. घरात माणसं पाच, वडे अठरा. म्हणजे चार घाणे आणि दर घाण्याला १८ मिनिटं. पहिला घाणा ज्यांच्या पानात पडला त्यांचा चहासुद्धा पिऊन झाला, तरी शेवटचा घाणा आतच होता. मध्येच घाई म्हणून मी एकदा आठ वडे दाटीनं बसवले. ते वरून लाल झाले, खालून पांढरे आणि ओलसर राहिले, कडेनं एकमेकांना चिकटले. सासूबाईंच्या वाट्याला नेमके तेच आले.

त्या दिवशी मोठा एअर फ्रायर घ्यायचं घरात ठरलं. मग ओळखीपाळखीत, दुकानांत विचारपूस सुरू झाली. जो तो दोनच गोष्टी सांगे: इतक्या लिटरचा घ्या आणि इतके प्रोग्रॅम असलेला घ्या. चार-पाच महिने मी या विषयाच्या मागे लागले होते. लिटर आणि प्रोग्रॅम यांचा नंबर फार खालचा आहे, असं माझं आता ठाम मत आहे. आधी बघायचा तो टोपलीचा तळ आणि त्या तळावरून फिरणारा वारा. ते का, हे कळायला यंत्राच्या पोटात काय चालतं ते बघावं लागेल.

एअर फ्रायर या नावानं मोठा गैरसमज केला आहे. यात काहीही तळलं जात नाही. ही एक लहानशी भट्टी आहे. वर विजेची कॉईल, कॉईलच्या डोक्यावर पंखा, खाली भोकं असलेली टोपली. पंखा कॉईलवरची गरम हवा जोरात खाली ढकलतो, ती पदार्थाला घासत, टोपलीच्या भोकांतून आणि कडेच्या फटीतून फिरून पुन्हा वर जाते. थोडी वाफाळलेली हवा मागच्या झरोक्यातून बाहेर पडते. बस्स, एवढंच. बाकीचं सगळं या हवेच्या वेगावर आणि वाटेवर अवलंबून.

हवा हे उष्णता पोचवण्याचं फार दुबळं साधन आहे. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालून ट्रे ओढतो. १८० अंशांच्या तेलात बोट घालायची कल्पनाही करवत नाही. तापमान एकच, पण तेल उष्णता भराभर हवाली करतं, हवा हात आखडता घेते. शिवाय पदार्थाला चिकटून हवेचा एक पातळ, संथ थर बसलेला असतो, तो गोधडीसारखं काम करतो. ही गोधडी ओढून काढायची तर वारा हवा. आपण चहा बशीत ओतून त्यावर फुंकर घालतो तेव्हा हेच करतो. चहावर बसलेली गरम, वाफेनं भरलेली हवा फुंकरीनं निघून जाते, तिथे नवी गार हवा येते आणि चहा लवकर निवतो. बशीमुळे चहा पसरतो, त्याचं अंग जास्त उघडं पडतं, तेही कामी येतं. एअर फ्रायरमध्ये हाच खेळ उलट्या दिशेनं चालतो. फुंकर गरम हवेची आणि बशीच्या जागी टोपलीचा तळ.

उष्णता-अभियांत्रिकीच्या पुस्तकांत याचे ठोकताळे दिलेले असतात. पृष्ठभाग आणि हवा यांच्यात एका अंशाचा फरक असेल, तर एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, याचे ते आकडे. संथ हवेसाठी साधारण २ ते २५, पंख्यानं ढकललेल्या हवेसाठी २५ ते २५०. म्हणजे कॉईल तीच, तापमान तेच, पण नुसत्या वाऱ्याच्या जोरावर उष्णता कितीतरी पटींनी जास्त पोचू शकते. एअर फ्रायरची सगळी करामत या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

कल्पना तशी जुनी. १९४० च्या दशकात अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी लष्करी वाहतूक विमानांसाठी गोठवलेली जेवणं तयार केली आणि ती आकाशात गरम करायला पंखा बसवलेली एक छोटी भट्टी बनवली. तिचं नाव होतं व्हर्लविंड, म्हणजे आपली वावटळ. मला हे नाव एअर फ्रायरपेक्षा कितीतरी खरं वाटतं. पुढे पंख्याचे ओव्हन बेकऱ्यांत आणि हॉटेलांत रुळले. घरच्या ओट्यावर ही वावटळ आली ती नेदरलँड्समुळे. बटाट्याचे तळलेले काप हा तिथे जीव की प्राण. फ्रेड व्हान डर वाय या डच संशोधकानं कमी तेलात, घरच्या घरी ते कुरकुरीत व्हावेत म्हणून खटपट केली आणि २०१० मध्ये फिलिप्स कंपनीनं बर्लिनच्या प्रदर्शनात पहिला एअर फ्रायर मांडला. बटाट्याचे सुटे, हलवता येणारे काप डोळ्यांसमोर ठेवून या यंत्राचा आकार ठरला, ही गोष्ट आपण विसरतो. काप टोपलीत ढीग करून टाकता येतात, मध्ये दोनदा हलवले की झालं. साबुदाण्याचा वडा, कोथिंबीर वडी, सुरमईची तुकडी हे हलवता येणारे पदार्थ नव्हेत. ते मांडावे लागतात. त्यांना खोली नको, पसारा हवा.

आता माझे ते आठ वडे खालून पांढरे का राहिले? पदार्थाला खरपूस रंग येतो तो १९१२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी वर्णन केलेल्या अभिक्रियेमुळे. प्रथिनांमधले घटक आणि साखर उष्णतेनं एकत्र येऊन तो तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो. ती अभिक्रिया जोमात यायला पृष्ठभाग सुमारे १४० अंशांपर्यंत तापावा लागतो. पण जोवर तिथे पाणी आहे तोवर पृष्ठभाग शंभराच्या आसपासच रेंगाळतो. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. म्हणजे आधी पाणी घालवा, मग रंग. दाटीनं बसवलेल्या वड्यांच्या खालच्या भोकांतून वाराच फिरला नाही. वड्यांतून निघालेली वाफ खाली कोंडली आणि वडे खालून उकडले गेले. तापमान वाढवून काही झालं नसतं, वरची बाजू जळली असती एवढंच, कारण वरच्या बाजूला लालबुंद कॉईलची सरळ धगही लागत असते.

पाणी घालवणं किती महागात पडतं, याचा एक हिशोब मी करून पाहिला. २५ अंशांचं १०० ग्रॅम पाणी उकळीपर्यंत तापवून त्याची पूर्ण वाफ करायची तर सुमारे २५७ किलोज्यूल उष्णता लागते. त्यातली २२६ नुसती वाफ करण्याची. १५०० वॅटचं यंत्र सेकंदाला दीड किलोज्यूल देतं. एक कणही वाया गेला नाही असं धरलं तरी त्या अर्ध्या वाटीहून कमी पाण्यासाठी जवळजवळ तीन मिनिटं जातात, आणि प्रत्यक्षात बरीच उष्णता झरोक्यातून बाहेरच जाते. म्हणून बटाट्याचे काप धुतल्यावर फडक्यानं टिपून कोरडे करणं, साबुदाणा गिचगिचीत न भिजवणं, या गोष्टी यंत्र बदलण्याइतक्याच मोलाच्या आहेत. कोकणात ओले बोंबील पाट्याखाली दाबून ठेवतात, पाणी निघून जावं म्हणून. एअर फ्रायरमध्ये बोंबील करायचे असतील तर ही पायरी गाळून चालतच नाही.

तर तळाचं महत्त्व असं. लिटर हे आकारमान आहे आणि आकारमानात खोली मिसळलेली असते. २० सेंटिमीटर लांबी-रुंदीची आणि साडेबारा सेंटिमीटर खोल टोपली ५ लिटरची. २५ सेंटिमीटर लांबी-रुंदीची आणि ८ सेंटिमीटर खोल टोपलीही ५ लिटरचीच. खोक्यावर दोन्हींसाठी एकच आकडा. पहिलीचा तळ ४०० चौरस सेंटिमीटर, दुसरीचा ६२५. वडे मांडायला दुसरीत दीडपटीहून जास्त जागा. तसंच गोल आणि चौकोनी टोपलीचं. २२ सेंटिमीटर व्यासाच्या गोल टोपलीचा तळ ३८० चौरस सेंटिमीटर, २२ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी टोपलीचा ४८४. ओट्यावर दोन्ही जवळपास तेवढीच जागा अडवतात.

दुकानात जाताना मी पुठ्ठ्याचे ६ सेंटिमीटरचे अठरा गोल कापून नेले. विक्रेत्या मुलाला काय चाललंय ते सांगितलं, तर त्यानंच उत्साहानं एकेक टोपली बाहेर काढून दिली. पुठ्ठ्याचे वडे आम्ही टोपल्यांत मांडत गेलो. साडेचार लिटरच्या एका गोल टोपलीत सहा बसले. साडेपाच लिटरच्या दुसऱ्या एकीतही सहाच, कारण तो जादाचा लिटर खोलीत गेला होता. ६ लिटरच्या चौकोनी, पसरट टोपलीत नऊ बसले, तीन रांगांत, मध्ये दीड-दीड सेंटिमीटर जागा ठेवून. तिचा तळ २४ बाय २४. आमच्या जुन्या टोपलीचा तळ २५४ चौरस सेंटिमीटर भरतो, हिचा ५७६. लिटर दुप्पट, पण तळ दुपटीहून जास्त. तिथेच माझा निर्णय बराचसा झाला. तुमच्या घरी जे सर्वांत जास्त होतं, मग ती बांगड्याची तुकडी असो की अळूवडी, त्याच्या मापाचे पुठ्ठे कापून न्या. दहा मिनिटांत जे कळतं ते जाहिरात वाचून महिनाभर कळत नाही.

टोपली उचलून खालूनही बघावी. तळाला भोकं भरपूर हवीत आणि तळ व बाहेरचं भांडं यांच्यात चांगली पोकळी हवी, नाहीतर हवा खालून वर यायला वावच नसतो. फिलिप्सच्या जुन्या यंत्रांत भांड्याच्या तळाला ताऱ्याच्या आकाराचे उंचवटे असत, गोल फिरणारी हवा त्यांच्यावर आपटून वर उडावी म्हणून. काही स्वस्त यंत्रांत टोपली नसतेच, भांड्यात नुसती जाळीची ताटली ठेवलेली असते आणि ती जेमतेम बोटभर उंच. तिथे खालची बाजू ओलसर राहणारच.

मोठा तळ घेतला की वॅटही वाढायला हवेत. हा भाग मला स्वतःला उशिरा समजला. आमचं जुनं यंत्र १४०० वॅटचं होतं, पाच वड्यांवर १४०० वॅट. नवं १७०० वॅटचं, नऊ वड्यांवर १७००. म्हणजे एका वड्याच्या वाट्याला पूर्वी २८० वॅट यायचे, आता १९० सुद्धा येत नाहीत. साहजिकच घाण्याला १८ ऐवजी २० मिनिटं लागतात. एवढं चालतं. पण ८ लिटरचं भलंमोठं यंत्र १४०० वॅटवर चालत असेल, तर ते भरल्यावर सुस्तावणार. वीज मात्र मोठ्या यंत्राला जास्तच लागते असं नाही. जुन्यात चार घाणे १८ मिनिटांचे: कॉईल सतत चालू धरली तर १.६८ युनिट. नव्यात दोन घाणे २० मिनिटांचे: १.१३ युनिट. कॉईल मध्ये मध्ये बंद होत असल्यामुळे खरा खर्च दोन्हीकडे याहून कमी, पण तुलना तीच राहते.

वॅटच्या आकड्यामागे आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती म्हणजे व्होल्टेज. खोक्यावरचे वॅट २३० व्होल्टचे असतात. कॉईलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. संध्याकाळी दाब १९० व्होल्टवर उतरला तर १७०० वॅटचं यंत्र सुमारे ११६० वॅटच देतं, जवळजवळ एक तृतीयांश ताकद गायब. माझी जाऊ गावी असते. तिच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी वीज मंद होते आणि तेव्हा केलेल्या कोथिंबीर वड्या मऊ पडतात, सकाळी केलेल्या छान होतात. ती कृतीला दोष देत होती. मीटर लावून बघितल्यावर कारण कळलं. अशा ठिकाणी सकाळी करावं, नाहीतर चार मिनिटं जास्त द्यावीत आणि टोपली भरगच्च करू नये.

प्लगचं तर आधीच बघून ठेवा. घरातला साधा सॉकेट ६ अँपियरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंतचा. त्यापुढच्या यंत्राला जाड पिनेचा, १६ अँपियरचा पॉवर प्लग लागतो. जाड पीन बसत नाही म्हणून मध्ये कन्व्हर्टर लावून एक्स्टेंशन बोर्डावर एअर फ्रायर चालवलेला मी दोन घरांत पाहिला आहे, आणि दोन्हीकडे बोर्ड हाताला चटका बसण्याइतका तापलेला होता. हे करू नका. ओट्यावरच्या सगळ्या पॉइंटना मिळून एकच १६ अँपियरची एमसीबी असेल तर १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह, १५०० वॅटची किटली आणि १५०० वॅटचा एअर फ्रायर एकदम लावल्यावर १८ अँपियर होतात आणि एमसीबी पडू शकते. ती पडली तर बरंच. अमेरिकेतल्या मुलाबाळांकडून यंत्र मागवण्याचा मोहही टाळावा: तिथली वीज १२० व्होल्टची, आणि दीड हजार वॅट पेलणारा ट्रान्सफॉर्मर महाग, अवजड आणि ओट्यावर नकोसा.

खटक्याचं, फिरवायच्या बटणाचं यंत्र घ्यावं की डिजिटल? फिरवायच्या बटणाच्या स्वस्त यंत्रांत बहुधा दोन धातूंची पट्टी असते. तापल्यावर ती वाकते आणि कॉईल बंद करते, निवल्यावर पुन्हा चालू. त्यामुळे आतलं तापमान बऱ्यापैकी खालीवर होत राहतं. डिजिटल यंत्रातला संवेदक तापमान सतत मोजतो, त्यामुळे चढउतार कमी. शेंगदाण्यासारख्या झटकन करपणाऱ्या पदार्थांना याचा फायदा नक्की होतो. वड्याला फारसा फरक पडत नाही. वयस्कर माणसांना दोन ठसठशीत बटणं सोपी जातात, हेही वजन माझ्या लेखी कमी नाही. बाकी चिकन, मासे, केक अशी चित्रं काढलेली बटणं म्हणजे ठरावीक तापमान आणि ठरावीक वेळ, एवढंच. साबुदाण्याच्या वड्याचं चित्र कुणी काढलेलं नाही, तेव्हा तापमान आणि वेळ आपणच शिकायची.

यंत्र घरी आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत एक चाचणी करा. लादीपाव आडवे कापा आणि कापलेली बाजू वर करून सगळा तळ भरेल असे मांडा. १८० अंशांवर चार मिनिटं ठेवा, मध्ये उलटू नका. मग बाहेर काढून त्याच क्रमानं ताटात मांडा. तुमच्या यंत्राच्या वाऱ्याचा नकाशा समोर येतो. थोडाफार फरक सगळीकडे असतो. आमच्या नव्या यंत्रात मागचा डावा कोपरा जास्त लाल येतो, आता तिथे मी जाड वडा ठेवते. पण अर्धे पाव काळे आणि अर्धे पांढरे निघाले तर ते यंत्र परत द्यावं. ब्रेडच्या पातळ कापांवर ही चाचणी करू नका, ते वाऱ्यानं उडून कॉईलला चिकटतात. पापडाचंही तसंच, त्यावर स्टीलची जाळी दाबून ठेवावी लागते. बेकिंगचा कागद रिकाम्या टोपलीत घालून यंत्र तापवायला लावणं तर धोक्याचंच.

दोन कप्प्यांची यंत्रं हल्ली बरीच खपतात. आमच्याकडे मासे होतात आणि वार पाळणारेही आहेत, त्यामुळे एकीकडे सुरमई, दुसरीकडे उपासाची रताळी, ही कल्पना मला फार आवडली होती. घेणार असाल तर दोन प्रश्न विचारा. प्रत्येक कप्प्याला वेगळी कॉईल आणि वेगळा पंखा आहे का, की मध्ये नुसता पडदा आहे? आणि दोन्ही कप्पे एकदम चालवले की वॅट वाटून जातात का? पुठ्ठ्याचे वडे मांडल्यावर त्या यंत्राच्या एकेका कप्प्यात चार-चारच बसले, म्हणून आम्ही ते सोडलं. माशासाठी मी वेगळी टोपली मागवून घेतली. वास खरं तर कॉईलवर उडालेल्या तेलाचा राहतो. यंत्र पूर्ण गार झाल्यावर, प्लग काढून, उलटं करून कॉईल ओल्या फडक्यानं पुसली की जातो.

आणि तुमच्या यंत्राचं दुखणं फक्त टोपलीचा काळा थर निघालाय एवढंच असेल, तर नवं यंत्र घेऊ नका, नुसती टोपली मिळते का बघा. नॉनस्टिकचा तो नेहमीचा थर सुमारे २६० अंशांपुढे बिघडायला लागतो. एअर फ्रायर बहुतेक २०० पर्यंतच जातो. थराचा खरा शत्रू तारेची घासणी आणि धातूचा उलथणा. दुसरा शत्रू फवाऱ्याच्या डब्यातलं तयार तेल: त्यातल्या लेसिथिनचा चिकट पिवळा थर टोपलीवर बसतो, मग तो घासता घासता खालचा थरही निघतो. साधं तेल साध्या फवाऱ्याच्या बाटलीत भरावं किंवा ब्रशनं लावावं. पंख्याचा चांगला ओव्हन घरात आधीच असेल आणि माणसं जास्त असतील, तर त्याच्या रुंद ट्रेवर जाळी ठेवूनही वडे छान होतात, वेळ थोडा जास्त लागतो.

कितीही भारी यंत्र घेतलं तरी काही पदार्थ त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत, आणि हे आधीच कळलेलं बरं. कांदाभजी होत नाहीत. ओलं डाळीचं पीठ तेलात पडल्याक्षणी चारही बाजूंनी आवळलं जातं, तेव्हा त्याला आकार येतो. हवेला तेवढी घाई करता येत नाही. पीठ भोकांतून खाली गळतं. पुरीही फुगत नाही, कारण वरचा पापुद्रा कडक व्हायच्या आत पोटातल्या पाण्याची एकदम वाफ व्हावी लागते आणि ते काम तेलाचंच. कुरडई माझी तरी कधी फुलली नाही, नुसती भाजून टणक झाली. मोहन घातलेली करंजी होते, पण ती भाजलेली करंजी. तिची चव वेगळी आणि ती वेगळी म्हणूनच खावी. अळूवडी मात्र उत्तम होते. वाफवून कापलेल्या वड्यांना दोन्ही बाजूंनी तेलाचा हात लावला की कडा अशा कुरकुरतात की कढई आठवत नाही. कारल्याचे काप, सुरणाचे काप, मसाल्याची सुरमई, भरताचं वांगं हेही तसंच. वांग्याला निखाऱ्याचा वास तेवढा येत नाही.

तेलाचा हिशोब लोक कॅलरीत करतात. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी, तेव्हा तो खराच आहे. तळताना एक गंमत घडते: जोवर पदार्थातून वाफेचे बुडबुडे निघताहेत तोवर तेल आत शिरायला वाट नसते. बरंचसं तेल शिरतं ते पदार्थ बाहेर काढल्यावर, निवताना, आतली वाफ विरून पोकळी झाली की वरचं तेल ओढलं जातं. झाऱ्यावर नीट निथळून, लगेच टिपून घेण्याचं आईचं म्हणणं त्यामुळे अगदी शास्त्रशुद्ध आहे. पण माझ्या मते खरी बचत वेगळीच आहे. कढईत उरलेलं तळणीचं तेल आपल्याकडे टाकून देत नाहीत, ते पुढे आठवडाभर फोडणीला जातं, पुन्हा तापतं. तेल वारंवार तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं साठतात. हॉटेल-फरसाणवाल्यांसाठी भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, घरच्या कढईला मात्र कुणी मोजत नाही. एअर फ्रायरमध्ये दोन चमचे तेल लागतं आणि ते त्याच दिवशी संपतं.

म्हणून काहीही लालेलाल करून खावं असं नाही. पिठूळ पदार्थ १२० अंशांपुढे कोरडे भाजले किंवा तळले की त्यांत ॲक्रिलामाइड तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. एअर फ्रायरही यातून सुटत नाही. बटाट्याचे काप अर्धा तास पाण्यात ठेवून, टिपून घ्यावेत आणि सोनेरी रंगावर काढावेत. सासूबाईंना खरपूस फार आवडतं, त्यांनाही आता सोनेरी रंगाची सवय झाली आहे.

यंदाच्या एकादशीला वडे दोन घाण्यांत झाले. पहिले नऊ काढून पातेल्यात झाकून ठेवले, दुसरे नऊ बाहेर पडले तेव्हा तीन मिनिटांसाठी पहिलेही पुन्हा आत फिरवले, आणि पाचही पानं एकदम वाढली. दाण्याची आमटी गरम होती. सासूबाईंनी वडा मोडून आधी त्याची खालची बाजू बघितली.

जुनं यंत्र आम्ही काढून टाकलं नाही. पाव किलो शेंगदाणे त्यात १६० अंशांवर बारा मिनिटांत भाजले जातात, दोनदा टोपली हलवली की पुरतं. रंग यायच्या जरा आधीच काढायचे, कारण निवताना ते आणखी भाजत राहतात. गार झाले की सासूबाई ते सुपात घेऊन गॅलरीत बसतात, हातानं चोळतात आणि वाऱ्याकडे तोंड करून टरफलं पाखडतात.